कामाच्या ठिकाणची सुरक्षा: मालकावर कायद्याने काय येते आणि ते कसे पार पाडायचे

कामावर माणूस जखमी झाला किंवा दगावला की चौकशीला येणारा अधिकारी साधारण तीन गोष्टी विचारतो. हा धोका तुम्हाला माहीत होता का? नसेल, तर तो माहीत असायला हवा होता का? आणि तो टाळण्यासाठी अपघाताच्या आधी तुम्ही नेमके काय केले? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून सुटका होत नाही, कारण दुसरा लगेच पाठोपाठ येतो. आणि तिसऱ्याचे उत्तर अपघातानंतर तयार करता येत नाही. सुरक्षेचा कायदा मालकाकडून ‘आधी केलेले काम’ मागतो. फायली, फलक आणि सह्या त्या कामाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, त्या कामाची जागा घेऊ शकत नाहीत. हा लेख ते काम कोणत्या क्रमाने करायचे याबद्दल आहे. तो लहान कारखाना, गोदाम, कार्यालय, बांधकाम किंवा दुरुस्तीचा व्यवसाय चालवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिली पायरी: आपल्याला काय लागू आहे ते ठरवा

देशागणिक कायदे वेगळे असले तरी त्यांचा सांगाडा बराचसा सारखा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ मधल्या १५५ क्रमांकाच्या करारात तो स्पष्ट दिसतो. जागा, यंत्रे, साधने आणि कामाची पद्धत मालकाच्या ताब्यात आहे, म्हणून ती सुरक्षित ठेवणे मालकाचे कर्तव्य. जून २०२२ मध्ये याच संघटनेच्या परिषदेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाचे वातावरण हा कामगारांचा मूलभूत हक्क मानला. सक्तमजुरी आणि बालमजुरी यांपासून मुक्ती ज्या रांगेत बसते, त्याच रांगेत आता सुरक्षित काम बसते.

लागू असलेल्या गोष्टी तीन थरांत शोधाव्या लागतात. सगळ्यात वर मूळ कायदा. तो ‘सुरक्षित ठेवा’ इतकेच मोघम सांगतो, पण त्याची पकड सगळ्यात मोठी असते, कारण नियमात न सापडणारा धोकाही त्यात येतो. त्याखाली नियम: यंत्राला गार्ड (संरक्षक आवरण) कसे हवे, आवाज किती चालेल, बाहेर पडायचे मार्ग किती. त्याखाली सरकारने मान्य केलेली कार्यपद्धती आणि मानके. या तिसऱ्या थरात गफलत फार होते. आयएसओ ४५००१ हे कामाच्या सुरक्षेच्या व्यवस्थापनाचे २०१८ चे आंतरराष्ट्रीय मानक उत्तम आहे, पण ते ऐच्छिक आहे. त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणजे कायदा पाळला गेला असे होत नाही.

बहुतेक कायद्यांत ‘शक्य असेल तेवढे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग असतो आणि त्याचा अर्थ अनेक मालक ‘परवडेल तेवढे’ असा लावतात. तो अर्थ चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये १९४९ साली कोळशाच्या खाणीतल्या एका मृत्यूच्या खटल्यात न्यायालयाने ही कसोटी घालून दिली: एका पारड्यात धोका ठेवा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास ठेवा. दुसरे पारडे अवाच्या सवा जड असेल तरच उपाय न करण्याला सबब मिळते. तिथल्या १९७४ च्या कायद्यानुसार तर ‘याहून जास्त करणे शक्य नव्हते’ हे आरोपी मालकालाच सिद्ध करावे लागते. व्यवसाय तोट्यात होता, हा मुद्दा या मोजमापात येतच नाही.

आता कागद घ्या आणि लिहा: माणसे किती, त्यांत कंत्राटी किती, रात्रपाळी आहे का, बॉयलर, लिफ्ट, क्रेन, दाबाखालच्या टाक्या आहेत का, कोणती रसायने येतात, इमारत स्वतःची की भाड्याची. प्रत्येक ओळीपुढे परवाना लागतो का, सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागते का, ती किती दिवसांनी आणि ती करून घेणारा आपल्याकडचा माणूस कोण, हे लिहा. शंका असेल तिथे निरीक्षक कार्यालयाला लेखी विचारा. ‘आमची माणसे कमी, आम्हाला कायदा लागत नाही’ हे वाक्य मात्र मनातून काढून टाका. कामगारसंख्येची अट बहुधा समिती, सुरक्षा अधिकारी किंवा लेखी दस्तऐवज यांपुरती असते. ब्रिटनमध्ये पाचपेक्षा कमी माणसे असली तर धोक्यांचे मूल्यमापन लिहून ठेवायची सक्ती नाही, पण मूल्यमापन करावेच लागते.

दुसरी पायरी: नावानिशी जबाबदारी

सुरक्षा धोरणाचा कागद एका पानाचा असला तरी चालेल. त्यावर सगळ्यात वरिष्ठ माणसाची सही हवी आणि खाली नावे हवीत. ‘व्यवस्थापन लक्ष देईल’ असे लिहिलेले धोरण म्हणजे कोणीच लक्ष देणार नाही. यंत्रांच्या गार्डची जबाबदारी कोणाची, आगीच्या साधनांची कोणाची, नव्या माणसाच्या प्रशिक्षणाची कोणाची, कंत्राटदार आत आला की त्याला भेटणार कोण, हे नावासह लिहा. तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोण, हेही लिहा.

सुरक्षा अधिकारी नेमला किंवा बाहेरचा सल्लागार घेतला की मालकाची जबाबदारी सरकत नाही. तो सल्ला देतो, तपासतो, आठवण करून देतो. पैसे मंजूर करणे आणि काम थांबवणे हे ज्याच्या हातात आहे, कायदा त्यालाच धरतो. आता अनेक देशांत संचालकांवर व्यक्तिशः खटले होतात. ब्रिटनने २००७ मध्ये कंपनीलाच मनुष्यवधासाठी दोषी ठरवता येईल असा वेगळा कायदा केला. विमा नुकसानभरपाई देईल, मालकाच्या वाट्याचा तुरुंगवास भोगणार नाही.

म्हणून सुपरवायझरला जबाबदारी देताना अधिकारही द्या. गार्ड काढलेले मशीन त्याने बंद केले आणि त्या दिवशीचा माल अडकला, तर तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहणार का? याचे उत्तर कामगारांना शब्दांतून कळत नाही, पहिल्या प्रसंगातून कळते.

तिसरी पायरी: धोके शोधा

यालाच, म्हणजे धोक्यांच्या मूल्यमापनाला, सगळीकडे रिस्क असेसमेंट म्हणतात आणि कायद्याचा कणा हाच आहे. दुसऱ्या कंपनीचा नमुना आणून त्यावर आपले नाव टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात नसलेल्या यंत्रांचे धोके असतात आणि असलेल्या खड्ड्याचा उल्लेख नसतो. निरीक्षकाला हे पाच मिनिटांत कळते.

स्वतः फिरा. एकदा दिवसा, एकदा रात्रपाळीला, एकदा माल उतरत असताना. काम नेहमीसारखे चालू असताना फारसे काही दिसत नाही. मशीन अडकते तेव्हा, साफसफाई चालते तेव्हा, दुरुस्तीसाठी झाकण उघडते तेव्हा खरा धोका उघडा पडतो. म्हणून प्रश्नही तसेच विचारा: बेल्ट अडकला की तू काय करतोस? बल्ब बदलायला कशावर चढतोस? हे पिंप रिकामे झाले की कुठे जाते? ऑपरेटर, सफाई करणारी बाई, फोर्कलिफ्ट चालवणारा, हे तुमच्या जागेचे खरे जाणकार आहेत. त्यांना विचारणे ही केवळ चांगली पद्धत नाही, बहुतेक कायद्यांत कामगारांशी सल्लामसलत सक्तीची आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यांवर सगळ्यांचे लक्ष जाते. न दिसणारे धोके जास्त माणसे खातात, म्हणून इथे जरा थांबून बघा. दगड, काँक्रीट, वाळू कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते आणि तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराला बरे करणारे औषध नाही. कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर काम करणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग काही दशकांनी उगवतो, तोवर त्या कामाची आठवणही पुसलेली असते. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत दिवसभराची सरासरी ८० डेसिबलला पोचली की माहिती आणि कानाचे संरक्षण द्यावे लागते, ८५ ला पोचली की ते वापरले जाते हे बघणे मालकाचे काम होते. एक हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर मोजमाप करून घ्यायची वेळ आली आहे.

उष्णता, सतत एकाच पद्धतीने वाकणे, वजन उचलणे, लांबलेल्या पाळ्या आणि जागरण हेही यादीत हवे. छळ आणि हिंसा हवीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात या दोन्हींना कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेशी थेट जोडले आहे. रात्री एकटीने काउंटर सांभाळणाऱ्या बाईचा धोका प्रेस मशीनपेक्षा वेगळा आहे, कमी नाही.

रसायनांसाठी सोपा रस्ता आहे. प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांचे माहितीपत्रक, मागून घ्या. जागतिक पद्धतीनुसार तिचे १६ भाग असतात. त्यांतले धोक्यांची ओळख, प्रथमोपचार, हाताळणी व साठवण आणि संरक्षण हे भाग काम करणाऱ्यापर्यंत पोचायलाच हवेत, त्याला कळेल अशा भाषेत. डबा बदलला की नवीन डब्यावर लेबल लावा. पाण्याच्या बाटलीत ॲसिड किंवा सॉल्व्हंट (थिनरसारखे द्रावक) ओतण्यावर बिनशर्त बंदी ठेवा.

सापडलेला प्रत्येक धोका लिहा: कोणाला, कशाने, किती गंभीर इजा होऊ शकते, सध्या काय उपाय आहे, अजून काय हवे, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख नसलेला उपाय होत नाही. आणि लिहून ठेवलेला पण न केलेला उपाय हा तुमच्याविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा असतो, कारण धोका माहीत होता हे त्यातच कबूल केलेले असते. म्हणून लिहायचे टाळू नका. लिहिलेले करा.

चौथी पायरी: उपायांचा क्रम उलटा करू नका

धोका सापडला की पहिली उडी हेल्मेट आणि हातमोज्यांवर जाते. कायदा नेमका उलटा क्रम सांगतो. युरोपीय संघाच्या १९८९ च्या मूळ निर्देशात तो स्पष्ट शब्दांत आहे: धोका मुळातच टाळा, जो टाळता येत नाही तो उगमापाशी रोखा, घातक गोष्टीच्या जागी बिनधोक किंवा कमी घातक गोष्ट आणा आणि एकेकट्याच्या अंगावरच्या साधनांपेक्षा सर्वांना एकदम वाचवणाऱ्या उपायांना आधी स्थान द्या.

रंगकामाचे उदाहरण घ्या. सॉल्व्हंटच्या वाफेने माणसांचे डोके दुखते. पहिला प्रश्न: हा भाग रंगवून आलेला विकत घेता येईल का? नाही तर पाण्यावर आधारित रंग चालेल का? नाही तर रंगकाम बंद बूथमध्ये आणून वाफ जागच्या जागी ओढून घेता येईल का? तेही पुरेसे नसेल तर वेळ वाटून घ्या, त्या भागात इतरांना येऊ देऊ नका. आणि सगळ्यात शेवटी मास्क. तोही योग्य फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही ते तपासलेला, फिल्टर बदलण्याची तारीख ठरवलेला. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. तो घालून माणूस बेफिकीर होतो, म्हणून त्याने उलट धोकाच वाढतो.

शेवटच्या पायरीवर पीपीई, म्हणजे अंगावर घालायची संरक्षणाची साधने, ठेवण्याचे कारण साधे आहे. ते रोज, प्रत्येक मिनिटाला, प्रत्येक माणसाने बरोबर वापरले तरच चालते. मशीनचा गार्ड मात्र थकलेल्या माणसालाही वाचवतो. गार्ड काढला की मशीन सुरूच होऊ नये असा इंटरलॉक असावा, इमर्जन्सी स्टॉपचे बटण हात पोचेल तिथे असावे आणि दोन्ही नियमित तपासले जावेत. इंटरलॉक तारेने बांधून ठेवलेला सापडला तर कामगारावर ओरडण्याआधी विचारा की गार्ड लावून काम का होत नाही. बहुधा गार्डचीच रचना चुकलेली असते.

पीपीईचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, हे १५५ क्रमांकाच्या करारातच लिहिले आहे. पगारातून सेफ्टी शूजचे हप्ते कापायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा. बाईच्या हाताला मोठा होणारा हातमोजा आणि पायाला सैल पडणारा बूट म्हणजे साधन दिलेच नाही असे धरा.

पाचवी पायरी: जीवघेणी कामे परमिटशिवाय नाहीत

काही कामांत चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. वेल्डिंगसारखे ठिणगी उडवणारे काम, उंचीवरचे काम, विजेचे काम, मशीनच्या आत शिरून दुरुस्ती आणि बंदिस्त जागेतले काम. यांना लेखी वर्क परमिट लागते, म्हणजे काम सुरू होण्याआधी जबाबदार माणसाने जागेवर जाऊन, तपासून, वेळेची मर्यादा घालून केलेली सही. टेबलावर बसून गठ्ठ्याने सह्या केलेली परमिटे अपघातानंतर फक्त सही करणाऱ्याला अडकवतात.

बंदिस्त जागेबद्दल सविस्तर सांगायलाच हवे, कारण तिथे एकामागून एक माणसे दगावतात. टाकी, मॅनहोल, सायलो (धान्य किंवा सिमेंटची उंच कोठी), खोल खड्डा, जहाजाचा तळ. बाहेरून तिथे काहीच दिसत नाही. नेहमीच्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की अमेरिकी नियमांत ती हवा धोकादायक ठरते आणि बराच खाली गेला तर माणूस इशारा न मिळता कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढले की नाकाला येईनासा होतो, म्हणजे वास गेला हे सुरक्षिततेचे लक्षण नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्येच बजावले होते की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. पहिला पडतो, दुसरा धावतो, तिसरा त्याच्या मागे जातो.

म्हणून क्रम असा: आत न उतरता बाहेरूनच यंत्राने काम होईल का, हे आधी बघा. उतरावेच लागणार असेल तर येणाऱ्या सगळ्या पाइपलाइन वेगळ्या करा, पंख्याने हवा खेळती ठेवा, गॅस मीटरने वर, मध्ये आणि तळाशी हवा मोजा आणि आत माणूस असेपर्यंत मोजत राहा. बाहेर एक माणूस सतत उभा हवा, त्याला दुसरे कोणतेही काम नको. आतल्या माणसाला हार्नेस (अंगाभोवतीचे सुरक्षा पट्टे) आणि दोर असा बांधा की बाहेरून ओढून काढता येईल. आणि बाहेरच्याला एकच गोष्ट पक्की शिकवा: काहीही झाले तरी आत उतरायचे नाही.

मशीनच्या दुरुस्तीसाठी लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे ऊर्जा बंद करून कुलूप आणि सूचनेची चिठ्ठी लावायची पद्धत. वीज, हवेचा दाब, हायड्रॉलिक, वर अडकलेले वजन, ताणलेली स्प्रिंग, सगळी ऊर्जा बंद करून मोकळी करायची, प्रत्येक फिटरने स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग मशीन सुरू करून पाहायचे. ते सुरू होत नाही हे पाहिल्यावरच हात आत घालायचा.

उंचीवर हार्नेस दिला म्हणजे झाले असे नाही. हुक कुठे अडकवायचा ती जागा मजबूत हवी आणि पडून लोंबकळणाऱ्या माणसाला काही मिनिटांत खाली घेण्याची सोय आधीच हवी. हार्नेसमध्ये स्थिर लटकत राहणेही जीव घेऊ शकते. त्याआधी कठडा, परांची, झाकलेली भोके यांचा विचार व्हावा. नाजूक पत्र्याच्या छपरावर फळ्या टाकल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका.

सहावी पायरी: शिकवा, विचारा आणि ‘नाही’ ऐकून घ्या

पहिल्या दिवशी तासभर भाषण आणि रजिस्टरवर सही, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. माणसाला त्याच्या भाषेत सांगा, मशीनवर करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि मग लिहून ठेवा. नवा माणूस, बदली माणूस, कंत्राटी माणूस आणि दुसऱ्या विभागातून तात्पुरता आणलेला माणूस, या चौघांना सगळ्यात जास्त जपावे लागते. उन्हात किंवा भट्टीजवळ नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशीच पूर्ण काम देऊ नका, शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोज पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाच्या जागीच सुरक्षेवर छोटे बोलणे, ठेवा, पण त्यात आजच्या कामाचा आजचा धोका बोला.

सुरक्षा समिती कायद्याने लागत असेल तर कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनीच निवडलेले असू द्या. बैठकीत ठरलेल्या गोष्टी फलकावर लावा, झालेल्या आणि न झालेल्याही.

आणि आता जो मुद्दा मालकांना सगळ्यात जड जातो तो. जीवाला किंवा प्रकृतीला तात्काळ गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले तर कामगाराला कामापासून दूर होता येते आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. १५५ क्रमांकाच्या कराराचे कलम १३ हेच सांगते. धोका दूर केल्याशिवाय त्याला परत जायला सांगता येत नाही, असे कलम १९ सांगते. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथल्या राणा प्लाझा इमारतीला तडे गेलेले दिसले. इमारतीतल्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. तडे त्यांनी पाहिले होते. आत जायची भीती त्यांनी बोलूनही दाखवली होती. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क फक्त कागदावर असला तर काय होते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

तुमच्याकडे हा हक्क खरा करायचा असेल तर लेखी पद्धत ठरवा: कामगाराने कोणाला सांगायचे, त्याने किती वेळात येऊन बघायचे, वाद झाला तर निर्णय कोण घेणार, आणि तोवर काम बंदच राहणार. तक्रार चुकीची निघाली तरी चांगल्या हेतूने केलेल्या तक्रारीबद्दल एक शब्दही बोलू नका.

सातवी पायरी: कंत्राटदार आत आला की

‘तो आमचा कामगार नाही’ हे वाक्य चौकशीत फारसे टिकत नाही. जागा तुमची, धोक्यांची माहिती तुमच्याकडे, म्हणून कर्तव्यही तुमच्याकडे राहते. एकाच जागेवर दोन व्यवसाय काम करत असतील तर त्यांनी सुरक्षेबाबत एकमेकांशी सहकार्य करायलाच हवे. करारात ‘सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची’ असे लिहिल्याने पैशांचा हिशेब बदलू शकतो, फौजदारी कर्तव्य बदलत नाही.

निवडताना सगळ्यात कमी दराकडे बघण्याआधी विचारा: हे काम कसे करणार ते लिहून द्या, माणसांचे प्रशिक्षण दाखवा, साधनांची तपासणी दाखवा. आत आल्यावर तुमच्या जागेचे धोके सांगा. जमिनीखालची वीजवाहिनी, ज्वलनशील साठा, फोर्कलिफ्टचा रस्ता. काम चालू असताना जाऊन बघा. आणि पोट-ठेकेदार किती खाली गेले आहेत ते मोजा, तिसऱ्या पोट-ठेकेदाराच्या मजुराला बहुधा कोणीच काही सांगितलेले नसते.

आठवी पायरी: आरोग्य तपासणी आणि आणीबाणी

धूळ, आवाज, शिसे, सॉल्व्हंट यांच्याशी काम असेल तर रुजू होताना आणि नंतर ठरावीक काळाने तपासणी करून घ्या: कानांची चाचणी, फुफ्फुसांची चाचणी, रक्ततपासणी. तपशील डॉक्टरकडे राहतो, मालकाला फक्त ‘या कामासाठी योग्य’ किंवा ‘अमुक बंधनांसह योग्य’ एवढे कळायला हवे. एकाच विभागात तिघांची श्रवणशक्ती घटलेली दिसली तर ती त्या तिघांची तक्रार नसून त्या विभागाची तक्रार आहे. या नोंदी फार काळ जपाव्या लागतात. घातक पदार्थांच्या काही कामांसाठी ब्रिटनमध्ये ४० वर्षे, अमेरिकेत नोकरी संपल्यावर ३० वर्षे.

आग लागली तर बाहेर पडण्याचे मार्ग आजच चालून बघा. दार आतून एका धक्क्यात उघडले पाहिजे, कुलूप नको, समोर खोकी नकोत. प्रथमोपचाराचा शिकलेला माणूस प्रत्येक पाळीत हवा, रात्रीही. मॉक ड्रिल आगाऊ न सांगता एकदा तरी घ्या आणि चालायला त्रास होणाऱ्या सहकाऱ्याला खाली कोण आणणार ते नावाने ठरवा.

नववी पायरी: अपघात झालाच तर

आधी माणूस. मग उरलेला धोका बंद करा. मग जागा जशी आहे तशी ठेवा, सुटकेसाठी लागेल तेवढेच हलवा. मशीन धुऊन काढणे किंवा गार्ड नंतर लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

कळवण्याची मुदत आधीच माहीत हवी, कारण त्या दिवशी डोके ठिकाणावर नसते. अमेरिकेत मृत्यू ८ तासांत आणि रुग्णालयात दाखल होणे, अवयव तुटणे किंवा डोळा जाणे २४ तासांत कळवावे लागते. तुमच्याकडची मुदत आणि फोन क्रमांक फलकावर लावून ठेवा. व्यवसायजन्य आजारही कळवायचे असतात, हे बहुतेक ठिकाणी विसरले जाते.

आतली चौकशी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ इथे थांबवू नका. त्याने गार्ड काढला, का? माल अडकत होता. का? ब्लेड बोथट होते. का? बदलायचे वेळापत्रकच नव्हते. शेवटच्या उत्तरावर उपाय केला तर पुढचा अपघात टळतो. पहिल्यावर थांबलात तर फक्त माणूस बदलतो. थोडक्यात टळलेल्या घटना, ज्यांना निअर मिस म्हणतात, त्यांचीही अशीच चौकशी करा. त्या सांगणाऱ्याला कधी दंड करू नका, नाहीतर त्या घडत राहतील आणि तुम्हाला कळणार नाहीत.

दहावी पायरी: निरीक्षक, नोंदी आणि फेरतपासणी

१९४७ च्या ८१ क्रमांकाच्या करारानुसार श्रम निरीक्षकाला पूर्वसूचना न देता, दिवसा किंवा रात्री, आत येण्याचा अधिकार आहे. तक्रार कोणी केली हे तो तुम्हाला सांगणार नाही आणि ते शोधायचा प्रयत्नही करू नका. ओळखपत्र बघा, माहितगार माणूस सोबत द्या, विचारलेले खरे सांगा. सुधारणेची नोटीस आली तर मुदत लिहून घ्या, मान्य नसेल तर अपिलाची वेगळी मुदत बघा. काम बंद करण्याचा आदेश आला तर त्या क्षणी काम बंद.

एका जागी एवढ्या गोष्टी सापडल्या पाहिजेत: धोरण, धोक्यांचे मूल्यमापन, यंत्रांच्या तपासण्या, प्रशिक्षण, परमिटे, सेफ्टी डेटा शीट, बैठकांची टिपणे, अपघातांचे रजिस्टर. मागची तारीख टाकून भरलेली नोंद ठेवण्यापेक्षा नोंद नसलेली बरी.

मूल्यमापनाची फेरतपासणी वर्षातून एकदा हा ठोकताळा पुरेसा नाही. नवे मशीन, नवे रसायन, पाळीच्या वेळेत बदल, शेड वाढवणे, अपघात किंवा निअर मिस, एखादी स्त्री गरोदर असल्याचे कळवते तेव्हा, अपंगत्व आलेला माणूस परत रुजू होतो तेव्हा, या प्रत्येक वेळी त्या कामापुरते मूल्यमापन पुन्हा करा.

आजवर यातले काहीच केले नसेल तर उद्या सकाळी पीपीईची ऑर्डर देऊ नका. बाहेर पडायची दारे मोकळी करा, उघडे गियर आणि बेल्ट झाकले जाईपर्यंत ती यंत्रे बंद ठेवा, टाकीत उतरायची सगळी कामे थांबवा आणि सगळ्यात जुन्या ऑपरेटरला सोबत घेऊन जागेवर एक फेरी मारा. तो जिथे थबकेल, तिथून यादी सुरू करा.